भारतातील उच्च शिक्षण व्यवस्था

भारतातील उच्च शिक्षण व्यवस्था ही बारावीनंतरच्या पदवी, पदव्युत्तर, संशोधन आणि व्यावसायिक शिक्षणाची, केंद्र व राज्य सरकारांच्या सामाईक अधिकारकक्षेत चालणारी व्यवस्था आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे व विद्यापीठ दर्जाच्या संस्था आणि ४५,४७३ महाविद्यालये होती, आणि त्यांत सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी शिकत होते. १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण २८.४ टक्के भरते. एकूण विद्यार्थ्यांत मुलींची संख्या जवळजवळ निम्मी, म्हणजे २ कोटी ७ लाख होती.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे संलग्नता. बहुसंख्य भारतीय विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात शिकत नाहीत. ते शिकतात महाविद्यालयात, आणि पदवी मात्र विद्यापीठाची घेतात. शिकवणारा एक, अभ्यासक्रम ठरवणारा दुसरा आणि उत्तरपत्रिका तपासणारा तिसरा, अशी ही विभागणी दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती समजल्याखेरीज या व्यवस्थेचे गुणही कळत नाहीत आणि दोषही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतात विद्यापीठे स्थापन करण्याची शिफारस होती. तिला अनुसरून १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे अस्तित्वात आली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. तिन्ही विद्यापीठांपुढे आदर्श होता तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा नव्हे, तर तत्कालीन लंडन विद्यापीठाचा. लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. अध्यापन करणाऱ्या संस्था वेगळ्या होत्या. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टन महाविद्यालयासारख्या संस्था विद्यापीठापूर्वीपासूनच चालू होत्या. त्यामुळे विद्यापीठाला इमारतीपेक्षा परीक्षकांची गरज अधिक होती, आणि थोड्या खर्चात मोठ्या प्रदेशावर एकसारखी परीक्षा लागू करणे सरकारलाही सोयीचे होते.

मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा (मॅट्रिक) १८५९ मध्ये झाली. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे होते. पुढे रानड्यांनी मराठीला विद्यापीठाच्या परीक्षांत स्थान मिळावे यासाठी दीर्घकाळ खटपट केली. विद्यापीठ मुंबईत असूनही मराठीला तेथे प्रवेश मागावा लागला, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा दिली आणि संलग्नतेच्या अटी कडक केल्या. १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले, तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ होय. त्याला कायद्याने मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडले. तोवरची पस्तीस वर्षे हे विद्यापीठ सरकारी मान्यतेवाचून आपल्या पदव्या देत राहिले. हैदराबाद संस्थानातील उस्मानिया विद्यापीठाने (१९१८) उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने (१९१७-१९) इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे काढून पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा करावा, असे सुचवले. आज देशभर रूढ असलेल्या १०+२+३ या आकृतिबंधाचे मूळ या शिफारशीपर्यंत मागे नेता येते.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे २० विद्यापीठे होती. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठांना अनुदान वाटणाऱ्या स्वतंत्र मंडळाची शिफारस केली. त्यानुसार १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग कामाला लागला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी असे सुचवले होते.

घटनात्मक चौकट

शिक्षण हा मुळात राज्यांचा विषय होता. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला. परंतु उच्च शिक्षणापुरते पाहिले, तर केंद्राचा वरचष्मा पहिल्यापासूनच आहे. उच्च शिक्षणसंस्थांतील दर्जाचे निर्धारण व समन्वय हा विषय सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत (नोंद ६६) आहे, तर विद्यापीठांची स्थापना राज्य सूचीत (नोंद ३२). म्हणजे विद्यापीठ काढावे राज्याने आणि त्याचा दर्जा ठरवावा केंद्राने.

या दोन नोंदींतील ताण न्यायालयापुढे सर्वांत स्पष्टपणे आला तो छत्तीसगडच्या प्रकरणात. तेथील २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदोपत्री स्थापन झाली होती. त्यांतील कित्येकांजवळ इमारतही नव्हती. वैज्ञानिक प्रा. यशपाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि ती विद्यापीठे रद्द झाली. मात्र तेथे प्रामाणिकपणे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये, म्हणून अशा संस्थांना राज्यातील विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली.

संस्थांचे प्रकार

पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ मध्ये सांगितले आहे. केंद्रीय, प्रांतिक किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, कलम ३ नुसार विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांखेरीज कोणालाही भारतात पदवी देता येत नाही.

केंद्रीय विद्यापीठे संसदेच्या कायद्याने स्थापन होतात व त्यांचा खर्च केंद्र सरकार करते. दिल्ली, अलीगढ, बनारस, विश्वभारती, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही त्यांतील परिचित नावे. महाराष्ट्रात मुख्यालय असलेले केंद्रीय विद्यापीठ म्हणजे वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय.

राज्य विद्यापीठे विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होतात. संलग्न महाविद्यालयांचा भार मुख्यतः यांच्यावरच आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर (१९२३), पुणे (१९४९), छत्रपती संभाजीनगर (१९५८), कोल्हापूर (१९६२), अमरावती (१९८३), जळगाव (१९९०), नांदेड (१९९४), सोलापूर (२००४) आणि गडचिरोली (२०११) अशी ही साखळी हळूहळू वाढत गेली. यांतील बहुतेक नवी विद्यापीठे जुन्या विद्यापीठाचे जिल्हे तोडून निर्माण झाली आहेत. याशिवाय राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) व यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९), लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ, रामटेकचे संस्कृत विद्यापीठ आणि रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ ही विशिष्ट विषयांची विद्यापीठे आहेत. गोव्यातील महाविद्यालये १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती.

अभिमत विद्यापीठे म्हणजे कलम ३ खाली विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था. ही तरतूद विशिष्ट क्षेत्रात नावाजलेल्या संस्थांसाठी होती. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था (१९५८), मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (१९६४), पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था व डेक्कन कॉलेज यांना ती शोभून दिसते. पुढच्या काळात मात्र हा दर्जा मिळवणाऱ्यांत खासगी वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणसमूहांची संख्या वाढली आणि तरतुदीचा मूळ हेतू मागे पडला.

खासगी विद्यापीठे राज्याच्या कायद्याने, परंतु खासगी न्यासाच्या किंवा संस्थेच्या पैशावर स्थापन होतात. आयोगाच्या २००३ च्या विनियमांनुसार त्यांना महाविद्यालये संलग्न करता येत नाहीत. अभिमत आणि खासगी विद्यापीठ यांत विद्यार्थी नेहमी गल्लत करतात. पहिल्याला दर्जा केंद्र सरकार देते, दुसऱ्याला राज्याचे विधिमंडळ.

राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था संसदेच्या स्वतंत्र कायद्यांखाली येतात आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कक्षेबाहेर असतात. भारतीय तंत्रज्ञान संस्था (पहिली खरगपूर, १९५१, मुंबईची १९५८, आज एकूण २३), अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था हे त्यांतील मोठे गट. वर्तमानपत्रांत यांच्याविषयी जेवढे लिहिले जाते, त्या मानाने त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या फारच थोडी आहे.

संलग्न महाविद्यालये

महाराष्ट्रात महाविद्यालय काढायचे झाल्यास प्रथम त्या गावाचा किंवा तालुक्याचा समावेश विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात असावा लागतो. संस्थेने अर्ज केल्यावर विद्यापीठाच्या छाननीनंतर शासन इरादापत्र देते. अटींची पूर्तता झाली की शासनाची अंतिम मान्यता आणि त्यानंतर विद्यापीठाची संलग्नता मिळते. स्थानिक चौकशी समिती येऊन वर्गखोल्या, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अध्यापकांची यादी पाहते. संलग्नता आरंभी ठरावीक मुदतीची असते व वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. ही सर्व कार्यपद्धती महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये दिलेली आहे.

अभ्यासक्रम विद्यापीठातील त्या त्या विषयाचे अभ्यास मंडळ तयार करते व विद्यापरिषद त्याला मान्यता देते. महाविद्यालयातील प्राध्यापकाला त्यात एकही धडा स्वतःच्या जबाबदारीवर बदलता येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर याच पद्धतीमुळे आडगावातल्या महाविद्यालयाची पदवी आणि शहरातल्या नामांकित महाविद्यालयाची पदवी कागदावर तरी समान ठरली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये सुरू केलेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीची मुंबईतील सिद्धार्थ (१९४६) व औरंगाबादेतील मिलिंद (१९५०) ही महाविद्यालये यांना स्वतःचे विद्यापीठ काढणे शक्य नव्हते. संलग्नतेच्या सोयीमुळेच ती उभी राहिली. घरातली पहिली पदवीधर पिढी महाराष्ट्रात जिथे जिथे घडली, तिथे ती बहुधा अशाच एखाद्या महाविद्यालयात घडली. संलग्नता पद्धतीवर टीका करताना ही बाजू सहसा विसरली जाते.

टीका मात्र निराधार नाही. शेकडो महाविद्यालये एकाच विद्यापीठाला जोडली गेली, की त्याचे परीक्षा विभागाखेरीज दुसरे रूप उरत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची तपासणी घाईने संगणकाच्या पडद्यावर नेली. उन्हाळी परीक्षांचे निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढील प्रवेश व नोकऱ्या खोळंबल्या आणि अखेर कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. हा दोष एका व्यक्तीचा किंवा एका यंत्रणेचा म्हणून सोडून देता येत नाही. लाखो उत्तरपत्रिका एका ठिकाणी गोळा करणारी रचना कोठेही अशीच अडखळेल.

यावर उपाय म्हणून स्वायत्त महाविद्यालयांची कल्पना पुढे आली. स्वायत्त महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम आखते व परीक्षा घेते; पदवीवर नाव मूळ विद्यापीठाचेच असते. १९७८ मध्ये तामिळनाडूत याची सुरुवात झाली. महाराष्ट्रात हा विचार बराच उशिरा मूळ धरू लागला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तर पंधरा वर्षांत संलग्नता पद्धतीच टप्प्याटप्प्याने संपवावी असे म्हटले आहे. तालुक्याच्या ठिकाणचे, चार-पाच पूर्णवेळ अध्यापकांवर चालणारे कला महाविद्यालय स्वतःचे अभ्यास मंडळ व परीक्षा विभाग कसा चालवणार, या प्रश्नाचे पुरेसे उत्तर धोरणात नाही. लहान महाविद्यालयांनी एकत्र येऊन समूह करावेत, ही एक वाट सुचवली जाते.

विद्यापीठाचा कारभार

महाराष्ट्रात राज्यपाल हे राज्य विद्यापीठांचे पदसिद्ध कुलपती असतात. प्रत्यक्ष कारभार कुलगुरू पाहतात व त्यांना साहाय्य प्र-कुलगुरू करतात. या संज्ञांविषयी सावधगिरी बाळगावी लागते. हिंदीत ‘कुलपति’ हा शब्द परंपरेने कुलगुरूंसाठी वापरला जातो आणि मराठीतील कुलपतींना तेथे ‘कुलाधिपति’ म्हणतात. हिंदीवरून केलेल्या मराठी बातम्यांत आणि लेखांत म्हणूनच अनेकदा राज्यपालांचे पद कुलगुरूंना बहाल केलेले आढळते. मध्य प्रदेशाने अलीकडे ‘कुलगुरु’ हाच शब्द स्वीकारल्याने हा घोळ थोडा कमी व्हावा.

अधिसभेत प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक आणि नोंदणीकृत पदवीधर यांचे प्रतिनिधी असतात. ती अर्थसंकल्पाला मान्यता देते. पदवीधर गटाच्या निवडणुका पक्षीय चुरशीने लढवल्या जातात, पण स्वतःचे नाव मतदार म्हणून नोंदवणारे पदवीधर थोडेच. व्यवस्थापन परिषद ही कार्यकारी संस्था, तर शैक्षणिक बाबींत विद्यापरिषदेचा शब्द अंतिम.

नियामक संस्था

सामान्य शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आहे. व्यावसायिक शिक्षणाला प्रत्येकी वेगळी संस्था आहे: तंत्रशिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (स्थापना १९४५, वैधानिक दर्जा १९८७), वैद्यकासाठी २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोग, विधी शिक्षणासाठी भारतीय विधिज्ञ परिषद, अध्यापक शिक्षणासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, औषधनिर्माणशास्त्रासाठी भारतीय औषधशास्त्र परिषद. २०२० च्या धोरणाने वैद्यक व विधी वगळून बाकीच्यांसाठी एकच छत्र असावे असे सुचवले. मूल्यांकनाचे काम बंगळूरची राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक, १९९४) करते.

राज्य पातळीवर पुण्याचे उच्च शिक्षण संचालनालय व त्याच्या विभागीय सहसंचालकांची कार्यालये अनुदानित महाविद्यालयांच्या वेतनाचे काम पाहतात. तंत्रशिक्षण आणि वैद्यकीय शिक्षण यांची संचालनालये वेगळी आहेत.

अभ्यासक्रम व प्रवेश

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची पदवी तीन वर्षांची असते. प्रथम, द्वितीय व तृतीय वर्षाला एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे. नव्या धोरणानुसार चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते आणि त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोनऐवजी एका वर्षाचा होतो. अभियांत्रिकीला चार, वास्तुशास्त्राला पाच वर्षे लागतात. वैद्यकाला साडेचार वर्षे व वर्षभराची आंतरवासिता. विधी शाखेत बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षे असे दोन मार्ग आहेत. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनातील पदविका घेतलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. ही वाट ग्रामीण विद्यार्थ्यांना विशेष उपयोगी पडली आहे. अकरावी-बारावीचे वर्ग महाराष्ट्रात अनेकदा महाविद्यालयांतच भरतात व त्यांना कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात, तरी ते शालेय शिक्षणाचाच भाग आहेत.

वैद्यकासाठी नीट, भारतीय तंत्रज्ञान संस्थांसाठी जेईई, केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून सीयूईटी या देशव्यापी परीक्षा आहेत. महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र इत्यादींचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात.

केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५, इतर मागासवर्गांना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा राखीव असतात. इतर मागासवर्गांचे आरक्षण २००६ च्या कायद्याने आले व २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य ठरवले. महाराष्ट्रात मागासवर्गीयांसाठीचे मूळ आरक्षण ५२ टक्के आहे. त्यात आर्थिक दुर्बल घटकांचा आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेल्या १० टक्क्यांचा समावेश नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

शुल्क, अनुदान आणि अध्यापक

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. तोवर राज्याबाहेर जाणारे विद्यार्थी राज्यातच शिकू लागले आणि साखर कारखान्यांच्या परिसरात शिक्षणसंकुले उभी राहिली. देणग्यांचा प्रश्नही तेव्हापासूनच तीव्र झाला; १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. शुल्क किती असावे, हा वाद उन्नीकृष्णन (१९९३), टी.एम.ए. पै (२००२) व इनामदार (२००५) या खटल्यांतून पुढे सरकला. नफेखोरी नको, परंतु विस्तारापुरता वाजवी शिलकीचा हक्क संस्थेला आहे, असे न्यायालयाने म्हटले. सध्या व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते.

अनुदानित महाविद्यालयात अध्यापकांचे वेतन शासन देते, विनाअनुदानित महाविद्यालयात ते विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जाते. एकाच इमारतीत, एकाच विषयाच्या अनुदानित व विनाअनुदानित तुकड्या शेजारीशेजारी चालतात आणि दोन्हीकडे शिकवणाऱ्यांच्या पगारात अनेक पटींचा फरक असतो. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा अथवा पीएच.डी. लागते. पात्रता असूनही नियमित पद न मिळालेले अनेकजण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मोबदल्यावर, वर्षानुवर्षे काम करतात. त्यांना सुट्टीतले वेतन नसते, दरवर्षी नेमणूक नव्याने घ्यावी लागते. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त जागांचा प्रश्न राज्यात दीर्घकाळ गाजतो आहे, ‘सी.एच.बी.चे सर’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला.

पदवीची वैधता

विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. नावात ‘विद्यापीठ’, ‘राष्ट्रीय’ किंवा ‘परिषद’ असे शब्द असल्याने संस्था अधिकृत ठरत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्था कलम २२ मधील कोणत्या प्रकारात बसते हे आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे. महाविद्यालय असल्यास चालू वर्षाची व त्याच अभ्यासक्रमाची संलग्नता आहे का, हे विद्यापीठाकडून तपासावे, कारण एका शाखेची संलग्नता दुसऱ्या शाखेला लागू होत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमात याखेरीज संबंधित परिषदेची मान्यता लागते. ती नसल्यास पदवी हातात येऊनही वकिलीची सनद किंवा वैद्यक व्यवसायाची नोंदणी मिळत नाही. दूरस्थ शिक्षणाच्या बाबतीत दूरशिक्षण विभागाची मान्यता स्वतंत्रपणे पाहावी लागते. विद्यापीठ मान्यताप्राप्त असले तरी त्याचा प्रत्येक दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असतोच असे नाही.